चार घाट, एक धरण आणि माळकरी जाऊबाई: केपच्या द्राक्षपट्ट्यातली एक दिवसाची फेरी

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला जाणाऱ्या मंडळींना टेबल माउंटन, पेंग्विन आणि केप पॉइंट ही तीन ठिकाणं कुणीही दाखवतं. त्यातून एक दिवस उरला की मग 'वाइन टूर'. बसमध्ये बसवतात, तीन-चार ठिकाणी ग्लास हातात देतात आणि संध्याकाळी पेंगुळलेल्या माणसांना हॉटेलच्या दारात उतरवून देतात. पैसे घालवायचेच असतील तर भाड्याच्या गाडीवर घालवा आणि चार घाटांची फेरी करा. तिकडे तिला 'फोर पासेस' म्हणतात: सर लॉरीज, फिल्यून्स, फ्रान्सहूक आणि हेल्सहूग्ते. केप टाऊनहून निघून परत केप टाऊनला येईपर्यंत 200 किलोमीटरच्या आसपास रस्ता होतो. कुठेही न थांबता गेलात तर चार तासांत संपेल. आम्हाला सकाळपासून अंधार पडेपर्यंत लागलं आणि तरी काही राहिलंच. माझ्याकडून फेरीला दहापैकी साडेआठ. दीड मार्क कुठे गेला ते ओघात येईलच.

कोण सांगतंय तेही कळलेलं बरं. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बहुतेक थॉम्पसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, एक्स्पोर्टचा माल. 2000 नंतर आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची हवा आली तेव्हा शिराजचा एक प्लॉट आम्हीही धरला होता. पुढे मंदी आली, माल कुणी उचलेना, तेव्हा आजूबाजूच्या अनेकांसारखा तोही उपटला. त्यामुळे वाइन मला परकी नाही, पण तिचं कौतुकही बेताचंच. सोबत होत्या थोरल्या जाऊबाई. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे दारू सोडाच, केकसुद्धा 'यात अंडं आहे का' विचारल्याशिवाय तोंडात जात नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, केप टाऊनला फळं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. गाडी तोच चालवणार होता आणि गाडी चालवायची म्हणून तोही पिणार नव्हता. म्हणजे तिघांत चव घेणारी मी एकटी. वाइनच्या मुलखात न पिणाऱ्यांनी जावं का, असा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो, म्हणून हे आधीच सांगितलं.

आम्ही गेलो मे महिन्यात, खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची छाटणी, उरकून. द्राक्षवाल्या बाईला जानेवारी ते एप्रिल घर सोडता येत नाही. तिकडे मे म्हणजे पानगळ. उन्हाळ्यातला तो प्रसिद्ध आग्नेयेचा वारा निवलेला असतो, हिवाळी पाऊस नुकता सुरू होत असतो, आणि गर्दी नसते. फक्त दिवस लहान. सहाच्या आत सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवून सकाळी लवकर निघा.

गाडीबद्दल थोडंसं. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं, त्यामुळे हात लगेच बसतो. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल, त्यावर फोटो-सही असेल, तर पर्यटकाला तेवढं चालतं. पेट्रोल भरायला पंपावर माणूस असतो, त्याला वर दोन-चार रँड देतात. आम्ही गेलो तेव्हा रँड म्हणजे आपले साडेचार-पाच रुपये होते. पार्किंगला पिवळं किंवा नारिंगी जाकीट घातलेला कुणीतरी गाडीकडे बघायला उभा असतो, त्यालाही सुट्टे द्यायचे. सिग्नलला तिथे 'रोबोट' म्हणतात. कुणी 'पुढच्या रोबोटला डावीकडे वळा' म्हणालं तर घाबरू नका.

शहराबाहेर पडताना एन-टू महामार्ग विमानतळावरून जातो आणि मग पत्र्याच्या झोपड्या सुरू होतात. खायेलित्शाची वस्ती त्याच पट्ट्यात. बराच वेळ संपत नाही. त्यानंतर अर्ध्या तासात आपण मखमली हिरवळीवर बसून दहा रँडची वस्तू शंभराला घेणार असतो, हे मनात येतंच. येऊ द्यावं.

मग समोर एकदम डोंगराची भिंत उभी राहते. ही हॉटेंटॉट्स हॉलंडची रांग. सर लॉरीज पास तिच्यावरून चढतो. रस्ता रुंद, पक्का, ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत चाललेले. कसारा चढताना जो अनुभव येतो तोच, फक्त डाव्या-उजव्या हाताला हिरवं जंगल नाही; सगळी खुरटी, राखाडी-हिरवी झुडपं. त्याला ते फेनबॉस म्हणतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान. आताच्या घाटरस्त्याचा मूळ मार्ग 1830 मधला, चार्ल्स मिशेल नावाच्या इंजिनिअरने काढलेला आणि तेव्हाचा गव्हर्नर लॉरी कोल याच्या नावाचा. त्याआधी बैलगाड्या शेजारच्या खांताऊ खिंडीतून ओढून नेत. मुळात ती रानजनावरांची पायवाट. तिथल्या खडकात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आजही दिसतात म्हणे. पायी जावं लागतं, आम्ही गेलो नाही, जाऊबाईंचे गुडघे.

माथ्यावर थांबायला जागा आहे. मागे वळून पाहिलं की खाली फॉल्स बे या उपसागराचा सगळा अर्धगोल, समुद्र आणि पलीकडे टेबल माउंटनची पाठ. फोटो इथेच काढा. पण काचा वर करून. तिथे बबून आहेत, चांगले दांडगे, आणि दार उघडं दिसलं तर आत शिरतात. जाऊबाईंनी सवयीने पिशवीत हात घातला.

"ताई, इथे काही टाकू नका हं," मी म्हटलं.

"अगं, गडावर माकडांना फुटाणे टाकतोच की आपण."

"आई, इथे दंड होतो," पुतण्या म्हणाला. मग पिशवी बंद झाली. गडावरही खरं तर टाकू नयेत, पण ते त्यांना कोण सांगणार.

घाट उतरून ग्राबो आणि एल्गिनच्या खोऱ्यात आलात की वाइनचा विचार तासभर बाजूला ठेवा. हा सफरचंदांचा मुलूख. मला वाइनच्या बागांपेक्षा हाच जास्त आवडला आणि टूरवाले नेमका हाच भाग पळवत नेतात. उंची आणि समुद्रावरून येणारे ढग यामुळे इथे गारवा असतो. सफरचंदाला हिवाळ्यात जी थंडीची झोप लागते ती मिळते. डोंगरउतारावर मैलोन्‌मैल ओळी, त्यांच्यावर पांढऱ्या जाळ्या. ऊन भाजू नये, गार पडली तर फळ वाचावं. आमच्याकडे आता अवकाळीच्या धास्तीने प्लास्टिकचं आच्छादन घालायला लागलेत, त्याचा एकरी खर्च ऐकूनच पोटात गोळा येतो. त्यामुळे त्या जाळ्यांकडे बघताना मी सौंदर्य कमी आणि खांब-तारेचा हिशेब जास्त केला. मे महिना म्हणजे तोडणी संपत आलेली, उशिरा येणारी पिंक लेडी तेवढी कुठे कुठे झाडावर.

या खोऱ्यात महामार्गालगत फार्म स्टॉल आहेत, म्हणजे शेतमालाची मोठी दुकानं. पेरेग्रिन त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. नाश्ता इथेच करा. पुढे फ्रान्सहूकमध्ये याच पैशात चहासुद्धा येत नाही. ॲपल पाय, म्हणजे आत सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, गरम, वर साय; अंड्याचं विचारून घ्यायचं. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली, कुणी हटकलं नाही, उलट शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी चटणीची चव मागितली आणि दोन पेले पाणी प्यायल्या. जाऊबाईंचं पेयही इथेच ठरलं: ॲपलटायझर. सफरचंदाचा रस आणि फसफस, बाकी काही नाही. 1966 साली याच खोऱ्यात जन्मलेलं. पुढे दिवसभर प्रत्येक ठिकाणी त्यांनी तेच मागितलं आणि बहुतेक ठिकाणी ते मिळालं. उंच ग्लासात बर्फ घालून दिलं की शेजारच्याला शँपेन वाटावी असं दिसतं.

फिल्यून्स पास हा चारांतला धाकटा. चढला कधी, उतरला कधी, कळत नाही. ग्राबोकडून व्हिलियर्सडॉर्पकडे जाणारा रस्ता, नाव एका जुन्या फळबागायतदाराचं, सर अँटनी फिल्यूनचं. बागायतदाराच्या नावाने घाट, हे मात्र मला आवडलं.

आणि मग धरण.

थीवॉटर्सक्लूफ. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो आणि प्रवासी माहितीत याला दोन ओळी असतात. साठा सुमारे 48 कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत 17 टीएमसीच्या आसपास. नाशिककरांनी गंगापूर धरण तिनाने गुणावं. केप टाऊनला पाणी देणाऱ्या मोठ्या धरणांच्या एकूण साठ्यातला निम्म्याहून जास्त वाटा या एकट्याचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे मे महिन्यात धरण वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला असतं. काठाशी रुंद, फिकट मातीचा पट्टा उघडा पडलेला. पाण्यातून जुन्या बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर आलेले. पाणी मागे हटताना ठेवून गेलेल्या रेषा काठावर एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या. वारा नव्हता. समोर डोंगर, त्याखाली हे.

2018 साली हे धरण 12 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. केप टाऊनच्या 'डे झिरो'च्या बातम्या तेव्हा आपल्याकडेही आल्या होत्या. नळ बंद करून रांगेत पाणी वाटायची वेळ आली होती, माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा होती. पुतण्या तेव्हा तिथे नव्हता, पण त्याच्या कंपनीतले लोक अजून अंघोळ दोन मिनिटांत उरकतात म्हणतो. त्याने एक गोष्ट सांगितली ती मात्र मी परत आल्यावर गावात दहा जणांना सांगितली. त्या फेब्रुवारीत ग्राबो-एल्गिनच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने स्वतःच्या साठ्यातलं सुमारे 1000 कोटी लिटर पाणी शहराला सोडलं. स्वतःच्या बागा तहानलेल्या असताना. आपल्याकडे दिंडोरीतल्या वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांचं नाव आहे, आणि जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की दर दुष्काळात काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. मी काही शहाणपण शिकवत नाही. एवढंच म्हणते, की तिथे उभं राहून पाण्याकडे बघताना वाइनपेक्षा हा विषय मोठा वाटला.

धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पलीकडे नेलेलं आहे. आपल्याला वरून जायचं असतं: फ्रान्सहूक पास. चारही घाटांत खरा घाट हाच. उंची 700 मीटरच्या आसपास, वळणं एकामागून एक, ट्रक जवळजवळ नाहीत. हत्ती एके काळी याच वाटेने खोऱ्यात उतरायचे, म्हणून त्या खोऱ्याला हत्तींच्या नावाने ओळखत. त्यांच्याच पायवाटेचा पुढे रस्ता झाला, 1820च्या दशकात लष्करातल्या शिपायांकडून बांधून घेतलेला. चढताना एका खोल घळीशी अगदी आवळलेलं वळण लागतं आणि त्यावर एक दगडी कमानीचा पूल. नाव यान यूबेर्त्सखाट. त्या देशातला अजून वापरात असलेला सगळ्यात जुना दगडी कमानी पूल म्हणून तो ओळखला जातो. वरून गाडी गेली तरी समजत नाही, इतका छोटा. पुढे जागा बघून गाडी लावा, मागे चालत या आणि खाली वाकून कमान बघा. चुन्यात बसवलेला दगड, एकही सांधा फुगलेला नाही. आपल्याकडच्या घाटातल्या ब्रिटिशकालीन मोऱ्या आठवल्या.

ही फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करावी, म्हणजे सर लॉरीज आधी, याचं कारण या घाटाच्या माथ्यावर कळतं. धरणाकडून चढून आलात की अखेरच्या वळणावर सगळं फ्रान्सहूकचं खोरं एकदम पायाखाली उघडतं, आणि मग उतरताना प्रत्येक वळणावर ते जवळ येतं. उलट दिशेने गेलात तर हे सगळं आरशात बघावं लागेल. शिवाय अशाने वाइनची ठिकाणं दुपारनंतर येतात, सकाळी दहाला रिकाम्या पोटी ग्लास उचलावा लागत नाही.

खोरं पिवळं, तांबूस, मधूनच लालभडक. गाड्या थांबवून लोक त्या लाल तुकड्यांचे फोटो काढत होते. मी एका प्लॉटच्या कडेला उतरले. (कुंपण नव्हतं, आणि मी आत गेले नाही, दुसऱ्याच्या बागेत न विचारता शिरलेलं मलाही चालत नाही.) पान हातात धरून पाहिलं तर कडा खालच्या बाजूला वळलेल्या, पान लाल, पण शिरा हिरव्या. हा पानगळीचा रंग नव्हे. लीफरोल नावाचा विषाणू आहे, मिलीबगमुळे, म्हणजे पिठ्या ढेकणामुळे, पसरतो, साखर भरत नाही, बाग हळूहळू बसते. निरोगी लाल द्राक्षाची पानंही थोडी रंग धरतात, पण ती अशी गुंडाळत नाहीत. म्हणजे तिथले बागायतदार ज्या पानाला बघून डोक्याला हात लावत असणार, त्याच्यासमोर उभं राहून एक जोडपं लग्नाचे फोटो काढून घेत होतं. पुतण्याला म्हटलं, "यांना सांगू का?" तो म्हणाला, "काकू, गाडीत बसा."

बाकी वेलींचं बोलायचं तर आमच्या डोळ्याला सगळंच उघडं-बोडकं वाटतं. आमचा मांडव डोक्यावरून जातो, खाली सावलीत बायका घड विरळायला उभ्या असतात. इथे वेल कमरेएवढी, तारेवर बांधलेली. जुन्या प्लॉटमध्ये तर तारही नाही, नुसतं खोड आणि त्यावर चार काड्या. दोन फेऱ्या मारून छाटायच्या भानगडी नाहीत. हिवाळ्यात एकदाच छाटतात आणि तोवर वेल झोपते. आमची वेल कधीच झोपत नाही. एप्रिलला खरड, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, वर्षभर तिच्या मागे धाव. गंमत म्हणजे इतकं उलटसुलट करून माल येतो मात्र दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी, जानेवारी ते मार्च-एप्रिल. खायच्या द्राक्षांत तर ही मंडळी युरोपच्या बाजारात आमच्या थेट समोर उभी असतात. पुतण्या यांचा माल जहाजात भरतो आणि त्याच्या काकाचा माल जेएनपीटीहून निघतो. घरात हा विषय काढत नाही.

फ्रान्सहूक गाव चित्रासारखं आहे. 1688 च्या सुमारास फ्रान्समधून धर्मछळामुळे पळालेले ह्युगनॉ लोक इथे वसले, त्यांचं तीन कमानींचं स्मारक गावाच्या टोकाला आहे. मुख्य रस्त्यावर चॉकलेट, चित्रं, चीज. सगळं छान आणि सगळं महाग. ट्रामची सोयही आहे, ट्राम आणि बस मिळून एका इस्टेटीवरून दुसरीकडे नेतात. ज्यांच्यात कुणीच गाडी चालवायला तयार नाही त्यांनी ती घ्यावी. दीड मार्कांपैकी एक मार्क मात्र मी या गावातच कापला. एका मोठ्या टेस्टिंग रूममध्ये (नाव लिहीत नाही) आम्ही तिघे गेलो तर न पिणाऱ्या दोघांचीही फी मागितली. का, तर खुर्ची अडते. वर जाऊबाईंकडे बघून 'मग या कशाला आल्या' असा चेहरा. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही, चेहरा वाचता येतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "चला, इथे द्राक्षं बघण्यासारखी नाहीत," आणि उठल्या.

घाट जिथे गावात उतरतो तिथे डोंगराच्या पोटात खोदलेलं ओत काब्रिएरचं तळघर आहे, तिथे जा. पिनो न्वार आणि शार्दने या दोनच द्राक्षांवर त्यांचा भर, आणि बुडबुड्यांची वाइन. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणायची जी फ्रेंच पद्धत, तिला केपमध्ये 'काप क्लासीक' म्हणतात. 1971 साली स्टेलनबॉशच्या सिमॉन्सिखने ती इथे पहिल्यांदा केली. आपल्या दिंडोरीतही याच पद्धतीने शांदोन बनते. मला विचाराल तर काप क्लासीक चाखाच. कोरडी, टोस्टच्या वासाची, मागे किंचित हिरव्या सफरचंदाची चव. घाटातून थंड होऊन आलेल्या माणसाला बरोबर लागते. शेनिन ब्लां मात्र जपून मागवा. केपमध्ये याच द्राक्षाची लागवड सगळ्यात जास्त, आणि आपल्याकडे नाशिकची शेनिन थोडी गोडसर पिण्याची सवय असल्याने तिकडची जुन्या वेलीची शेनिन पहिल्या घोटाला कडक वाटते. दुसऱ्या घोटाला कळतं की खरी हीच. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायची लाज वाटून घेऊ नका. त्या देशात गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे 30. आकडा सैल म्हणून मोकळीक समजू नका, घाट तेच असतात.

अर्धा मार्क शाकाहारी जेवणाचा. मेन्यूवर 'व्हेज' म्हणून भाजलेलं भोपळ्याचं काहीतरी असतं आणि त्यावर बकरीचं चीज. जाऊबाईंना चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं हे पुतण्याने कधीतरी सांगून ठेवल्याने तेही बाद. दशम्या पुन्हा उघडल्या.

पुढे बोशेन्दाल. 1685 पासूनची इस्टेट, पांढऱ्या भिंतींचं जुनं घर, ओकची झाडं, मुलांना पळायला हिरवळ. कुटुंब घेऊन जाणार असाल तर टेस्टिंगपेक्षा इथली सहल बरी. इथे एक इतिहास मातीत आहे. 1886 मध्ये केपच्या वेलींवर फिलॉक्झेरा पडला, मुळं खाणारा किडा, आणि बागाच्या बागा गेल्या. तेव्हा हिऱ्यांच्या खाणींवर गब्बर झालेल्या सेसिल ऱ्होड्सने या खोऱ्यातल्या बुडालेल्या इस्टेटी विकत घेऊन फळझाडं लावली. पुढे त्या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करून द्राक्ष परत आलं. आम्हीही डॉगरिजच्या खुंटावरच कलम करतो, पण आमच्याकडे कारण किडा नाही, खारट पाणी आणि दुष्काळ. खोडाशी वाकून कलमाची गाठ बघितली. तशीच असते, सगळीकडे.

त्याच रस्त्यावर प्निएल नावाचं छोटं गाव लागतं. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांसाठी 1843 मध्ये वसवलेलं. बहुतेक गाड्या इथून सरळ जातात. दहा मिनिटं थांबा. केपला आणलेल्या गुलामांत आफ्रिका, मादागास्कर, इंडोनेशियाबरोबर आपल्याकडचेही खूप होते. जुन्या कागदांत त्यांची नावं 'फान बेंगाले', 'फान मलबार' अशी लिहिलेली आहेत, म्हणजे माणसाला गावाचं नाव आणि बस. या सुंदर ओळींतले पहिले खड्डे कुणी खोदले ते त्यात येतं. मजुरीच्या बदल्यात वाइन पाजायची पद्धत तर त्यानंतरही कितीतरी काळ चालली. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, उचल घेतात. मजुरीवरून दर हंगामात वाद असतात. त्यामुळे यावर मी फार उंच आवाजात बोलत नाही, पण टूरच्या गाइडने निदान गावाचं नाव तरी घ्यावं.

वेळ असेल तर फ्रान्सहूकहून पार्लच्या रस्त्याला एक फाटा घ्या. तिथे ज्या तुरुंगातून 11 फेब्रुवारी 1990 ला मंडेला चालत बाहेर पडले तो आहे, दाराशी मूठ उंचावलेला पुतळा. आम्ही बाहेरूनच पाहिला. चहूकडे द्राक्षबागा. जाऊबाईंनी चप्पल काढून नमस्कार केला, पहाऱ्यावरचा माणूस हसला आणि त्याने मान लववली.

हेल्सहूग्ते पास, चौथा. खरं तर नुसती एक दमदार चढण आणि उतरण, पण संध्याकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंचे कडे गुलाबी होतात आणि वाइनच्या बाटल्यांवर असतात तशा सगळ्या इस्टेटी एकदम दिसतात. पलीकडे स्टेलनबॉश, 1679 मधलं गाव, ओकच्या झाडांचे रस्ते, विद्यापीठ. 1925 साली इथल्याच प्राध्यापक पेरोल्डने पिनो न्वार आणि सिंसो यांचा संकर करून पिनोताज हे द्राक्ष केलं. ते बाटलीत कसं लागतं यावर खुद्द तिथले लोकही भांडतात. मला पहिल्या ग्लासात धुराचा वास आला, दुसऱ्या ठिकाणी पिकलेल्या जांभळाचा. विकत घ्यायचं असेल तर चाखल्याशिवाय घेऊ नका. टेस्टिंग रूम चार-पाचच्या सुमारास बंद होतात, म्हणून फ्रान्सहूकमध्ये रेंगाळलात तर स्टेलनबॉशला नुसते दिवे बघावे लागतील. आम्ही शेवटच्या अर्ध्या तासात पोचलो.

खरेदीचा हिशेब मात्र आधीच करून ठेवा. आपल्या कस्टममध्ये माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, आणि पाऊण लिटरच्या त्यात दोनच बाटल्या बसतात. मी एक काप क्लासीक आणि एक पिनोताज घेतली. पुतण्या म्हणाला, "आई, तुझ्या नावावर अजून दोन जातील." जाऊबाईंनी माळेला हात लावला आणि आपल्या बॅगेत रुईबोस चहा, वाळवलेली सफरचंदं आणि ॲपलटायझरचे चार डबे भरले. ते डबे मुंबईला कस्टमवाल्याने उघडून वास घेऊन पाहिले.